तुम्ही इलस्ट्रेटर की आर्टिस्ट? विचारलंत म्हणून सांगतो

दिवाळी अंकांसाठी चित्रं काढतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अच्छा, पण स्वतःचं असं पेंटिंग वगैरे करता की नाही?" परवा तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात मशीन असताना विचारलं, तिथे बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

अमेरिकेत मॅगझिनांसाठी चित्रं काढणारा नॉर्मन रॉकवेल आयुष्यभर स्वतःला इलस्ट्रेटरच म्हणवत राहिला. १९१६ पासून ४७ वर्षं सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकाची तीनशेच्या वर कव्हरं, सगळी गोडगोड अमेरिका, समीक्षक नाकं मुरडायचे. काळा माणूस दाखवायचा तर नोकर म्हणूनच, असा तिथला दंडक होता. १९६३ला तो बाहेर पडला आणि जानेवारी १९६४च्या लुक मॅगझिनमधे दोन पानं भरून त्याचं चित्र आलं. विषय १९६०चा, न्यू ऑर्लिन्समधे गोऱ्यांच्या शाळेत निघालेली सहा वर्षांची काळी मुलगी रूबी ब्रिजेस, कोर्टाचा आदेश म्हणून सोबत संरक्षणाला सरकारी मार्शल.

पांढरा फ्रॉक, हातात वही-पट्टी, पुढे दोन मार्शल, मागे दोन, आणि चौघांची डोकी चित्राच्या वरच्या कडेने सरळ कापलेली. भिंतीवर शिवी खरडलीय, फेकलेला टोमॅटो फुटून ओघळलाय, पण फेकणारे कुठेच नाहीत, कारण ते जिथे उभे होते तिथे आता आपण उभे आहोत, मॅगझिन हातात धरून! ती डोकी कापायला इलस्ट्रेटरचंच डोकं लागतं हो, पान उलटणाऱ्याचे दोन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात नजर पोरीवरच जायला हवी.

पुढे मिसिसिपीत नागरी हक्कांचं काम करणाऱ्या तीन पोरांचा खून झाला, त्यावरचं घासूनपुसून पूर्ण केलेलं पेंटिंग बाजूला ठेवून लुकने १९६५ मधे त्याचं कच्चं स्केचच छापलं. माझंही एकदा एका संपादकांनी हेच केलं, आठ दिवस रुसून होतो, अंक हातात आल्यावर कच्चंच बरं वाटलं (हे त्यांना अजून सांगितलेलं नाही).

२०११ला रूबीचं चित्र व्हाइट हाउसमधे लागलं होतं, हे सांगितलं की लोक म्हणतात "मग तो आर्टिस्टच झाला की!" म्हणजे भारी निघालं की आर्टिस्ट, नाहीतर आहेच आपलं इलस्ट्रेटर.

तर डॉक्टर, स्वतःचं पेंटिंग नाही करत. पंधरा तारखेला तीन कथांची चित्रं द्यायचीत, त्यातली एक अजून वाचलेली पण नाही.