पाण्याची पिशवी सांभाळायला कोण बसणार?

मे महिन्याची सुट्टी लागली की साताऱ्यातल्या घराघरात एकच चर्चा, पोरांना खोपोलीला इमॅजिकाला न्यायचं की लोणावळ्याच्या वॉटरपार्कला, आणि ते एकदाचं ठरलं की मग तिकिटं, डबे, गाडीत पुढं कोण बसणार वगैरे वगैरे. पाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पाणी काय, भरायचं आणि न्यायचं. मग निघायच्या दिवशी पहाटे चार वाजता आमच्या सासूबाई ओट्याशी उभ्या राहून दिसेल ती बाटली भरायला लागतात, स्टीलच्या, पोरांच्या शाळेच्या, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरवाल्या, आणि डिकीत बाकी सामानाच्या आधी पाण्याचंच गाठोडं जाऊन बसतं.

त्यांचं तरी काय चुकतं म्हणा. आपण सातारकर पाण्याच्या बाबतीत जरा शिष्टच आहोत. कासच्या तलावातून येणारं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला पुण्याच्या पुढं कुठलंही पाणी मचूळच लागतं, आणि "बाहेरच्या पाण्यानं घसा धरतो" हे तर आमच्याकडं न्यूटनच्या नियमासारखं आहे, त्यावर वाद घालायचा नसतो.

पण हिशोब बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कुणाला सवलत नाही. माणशी एक लिटर धरलं आणि घरची सात माणसं असली तर सात किलो नुसतं पाणी, वर बाटल्यांचं वजन वेगळं, दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली तर रिकामीसुद्धा हाताला जाणवते. बरं, गाडीतून न्यायला काहीच हरकत नाही, गाडी काय तक्रार करत नाही. प्रश्न येतो तो गेटातून आत गेल्यावर. राइडवर काहीही सुटं चालत नाही, बॅग नाही, बाटली नाही, टोपी-गॉगल नाही, आणि ते बरोबरच आहे. इमॅजिकाचं नायट्रो नावाचं रोलर कोस्टर चाळीसेक मीटर वर चढतं आणि तिथून खाली सोडतं, पाय लोंबकळत, मधे उलटंपालटंही होतं. तिथून सुटलेली अर्धी भरलेली बाटली खाली कुणाच्या डोक्यात बसली तर काय होईल याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

मग ते गाठोडं कुणीतरी सांभाळायला लागतं. आणि ते कुणीतरी प्रत्येक घरात ठरलेलं असतं हो! सासूबाई, नाहीतर आत्या, नाहीतर जिचं पोरगं अजून उंचीच्या पट्टीला पोचलेलं नाही अशी एखादी आई. कुठल्याही पार्कात जा आणि झाडाखालच्या बाकांकडं बघा. नऊवारी किंवा गोल साडीतली एक बाई, तिच्या डाव्या हाताला बॅगांचा ढीग, उजव्या हाताला बाटल्यांची रांग, पायाशी तीन जोड चपला, मांडीवर कुणाचा तरी ओला टॉवेल आणि त्यात गुंडाळलेले चार मोबाईल. तिचंही तिकीट काढलेलं असतं. ती पण तेवढेच तास गाडीत बसून, खंबाटकीचा बोगदा, कात्रज, एक्सप्रेसवे करत आलेली असते. आणि दिवसभर तिचं काम काय तर कुणी धापा टाकत आलं की "हे घे पाणी" म्हणायचं आणि झाकण घट्ट लागलं का बघायचं.

मला ते खटकायला लागलं. लॉकरमधे ठेवा म्हणाल तर लॉकर बहुतेक एंट्रीजवळ, तहान लागते पार्कच्या दुसऱ्या टोकाला, त्या बाटलीचा काय उपयोग? ती गाडीत राहिली काय आणि लॉकरमधे राहिली काय, सारखंच. म्हणून मी ठरवलं की आता आमच्या घरात पाणी ज्याचं त्यानं आपल्या अंगावर न्यायचं, आणि तेही एवढंच की राइडच्या आधी पिऊन संपवता येईल किंवा खिशात मावेल.

यात मला खरी मदत झाली ती धाकट्या भाऊजींची. ते आपल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला पळतात, यवतेश्वरचा घाट चढून जायचा आणि परत यायचं, एकवीस किलोमीटर, आणि वर्षभर पहाटे त्याचीच प्रॅक्टिस. पळणाऱ्या लोकांकडं ती मऊ बाटली असते ना, सॉफ्ट फ्लास्क म्हणतात, पातळ प्लास्टिकची पिशवीच असते खरंतर, वर चावून पाणी ओढायचं तोंड. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ही न्या, संपली की घडी करून खिशात टाका." मी आधी हसलेच, सलाईनची पिशवी दिसते हो ती. पण वापरली आणि पटलं. जसजसं पाणी पिऊ तसतशी ती चपटी होत जाते, आत हवा राहत नाही म्हणून पळताना डुचमळत नाही, आणि रिकामी झाली की रुमालाएवढी. कडक बाटलीचं असं आहे की भरलेली असो नाहीतर रिकामी, जागा तेवढीच खाते.

तिचे नखरे पण आहेत, ते सांगितलेलं बरं. सरबत, ताक, ग्लुकॉन-डी असलं काही घातलं की वास बसतो आणि मग कितीही घासा तो जात नाही. घरी आल्यावर धुऊन, तोंडानं फुंकून फुगवून, उलटी टांगून पूर्ण वाळवायची, नाहीतर आत बुळबुळीत होतं. आमच्याकडं ती कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमटा लावून लटकते. आणि सगळ्यांनी ती विकत घ्यावी असं अजिबात नाही, पाचशे मिलीची साधी हलकी बाटली पण चालते, तिच्या गळ्याला नाडी बांधून कमरेच्या पाऊचला अडकवायची. फक्त स्टीलची नको. आणि काचेची तर बॅगेत सुद्धा नको.

सासूबाईंना पिशवीतून पाणी प्यायचं म्हणजे कसंतरीच वाटलं. त्यांच्या माहेरी प्रवासाला फिरकीचा तांब्या असायचा, पितळी, झाकण फिरवून बंद होणारा, आणि झाकण म्हणजेच पेला. आमच्या माळ्यावर आहे तो अजून. मग मी त्यांना छागल आठवून दिली. ट्रकला आणि जीपला बाहेरून टांगलेली ती कॅनव्हासची पिशवी, पाणी झिरपून कापड ओलं राहायचं, वाऱ्यानं ते वाळताना आतलं पाणी गार व्हायचं. "आई, ती पण पिशवीच होती की!" यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पिशवी घेतली.

गार पाण्यावरून आठवलं. आदल्या रात्री बाटली फ्रीझरला टाकणार असाल तर अर्धीच भरा आणि आडवी ठेवा. पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण नऊ टक्के फुगतो, काठोकाठ भरलेली बाटली फुटते किंवा तिचं बूड गोल होऊन ती उभीच राहत नाही. सकाळी वरून साधं पाणी ओतायचं, जुन्या सुती पंचाच्या तुकड्यात गुंडाळायची म्हणजे बाकीचं सामान ओलं होत नाही, आणि तोच ओला तुकडा दुपारी मानेवर टाकायला होतो. पूर्ण गोठवलेली बाटली नेलेली माणसं मी पाहिलीत, तहान लागलीय, हातात लिटरभर बर्फ आहे आणि प्यायला दोन थेंब.

आता पाणी किती लागतं हा मुद्दा. इथं साताऱ्याच्या हिशोबानं चालू नका. आपल्याकडं उन्हाळा कडक पण कोरडा, घाम आला तरी लगेच वाळतो. बोरघाट उतरून खोपोलीला गेलं की हवा कोकणातली, दमट, घाम अंगावरच राहतो, वाळत नाही म्हणून अंग गारही होत नाही आणि शरीर अजून घाम काढत बसतं. उन्हात चालणाऱ्या मोठ्या माणसाचं तासाला अर्धा ते एक लिटर पाणी सहज जातं, उभं राहून लाइनमधे पण. म्हणजे सकाळी अकरा ते संध्याकाळी सातपर्यंतचं पाणी घरून नेणं शक्यच नाही, कितीही बाटल्या भरा. तिथंच परत परत भरून घ्यायला लागणार हे एकदा मान्य केलं की छोट्या बाटलीची भीती जाते. गेटातून आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे नकाशात पिण्याच्या पाण्याची जागा बघून ठेवायची, राइड नंतर. आणि लाइनला लागायच्या आधी भरून घ्यायची, लाइनमधे हळूहळू पीत राहायचं, नंबर येईपर्यंत बाटली रिकामी आणि खिशात, आणि खिशाला चेन पाहिजे. एकदम ढसाढसा अर्धा लिटर पिऊन रोलर कोस्टरवर बसू नका, पुढचं मी लिहीत नाही.

पोरांचा चेहरा लाल, चिडचिड, "डोकं दुखतंय" असं सुरू झालं की नुसतं पाणी पाजत बसू नका. खिशात ओआरएसचं एक पाकीट ठेवा, वजन काहीच नाही, पण ते पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण कालवायचं, चिमूट चिमूट टाकून नाही. पाकीट नसेल तर घरचं गणित सोपं, एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचे चमचे, सपाट.

वॉटरपार्कमधे तर लोक हमखास पाणी विसरतात, कारण दिवसभर पाण्यातच असतो ना आपण. घाम दिसत नाही म्हणून येत नाही असं नाही. शिवाय पोरं वेव्ह पूलचं क्लोरीनचं पाणी गिळतात आणि मग त्यांना प्यायचं पाणी नकोसं होतं. तिथं खिसाही नसतो, म्हणून बाटली गळ्यातली किंवा मनगटातली, आणि दर तासाला सगळ्यांनी बाहेर यायचंच असा नियम. आमच्याकडं शिट्टी वाजवतात. लाज वाटते पोरांना, वाटू दे.

गेटवरच्या नियमांचं थोडं. बाहेरचं खाणं बऱ्याच पार्कांत चालत नाही, पाण्याचं प्रत्येकाचं वेगळं, म्हणून आदल्या दिवशी वेबसाईट बघा नाहीतर सरळ फोन करा. रिकाम्या बाटलीला मात्र सहसा कुणी अडवत नाही, हा छोट्या हलक्या बाटलीचा अजून एक फायदा. एका पार्कात (नाव सोडा) भरलेल्या बाटल्या गेटवर ओतायला लावल्या आणि आत पाण्याचा नळ शोधायला आम्हाला पाऊण तास लागला, बाटलीबंद पाण्याचे स्टॉल मात्र दर वळणावर. नवरा भांडायला निघाला होता एमआरपीवरून. तर कायद्याचं सांगते, हॉटेल-रेस्टॉरंटमधे बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मधे म्हटलंय, कारण तिथं नुसता माल विकला जात नाही, बसायची सोय आणि सर्व्हिस पण असते. आणि जानेवारी २०२३ च्या निकालात सिनेमा थिएटरवाले बाहेरचं खाणं अडवू शकतात, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट ठेवलंच पाहिजे असं आहे. तो निकाल थिएटरपुरता आहे, पार्कवाल्याच्या तोंडावर फेकायला उपयोगाचा नाही, पण माझ्या मते तेच तत्त्व पार्कांना का नको? उन्हात दिवसभर चालायला लावता तुम्ही, एसीत बसवत नाही.

मोठ्या नणंदबाई फ्लोरिडात असतात, त्या डिस्नी वर्ल्डचं सांगतात की तिथं आपलं पाणी नेलेलं चालतं, काचेचं काही नको एवढंच, आणि कोल्ड्रिंकचं मशीन असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन नुसतं बर्फाचं पाणी मागितलं तरी पेला भरून फुकट देतात, बाकी काही विकत घ्यायला लागत नाही. आपल्याकडं पण मागायला काय जातंय, मी मागते. कधी देतात, कधी बघत राहतात.

बाकी ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांचं सांगायचं राहिलं. गाठोडं नाही म्हटल्यावर सासूबाईंना बाकावर बसायचं कारणच उरलं नाही. पहिल्यांदा थोड्या बावरल्या, हात रिकामे ठेवायची सवय नाही. मग नातीबरोबर लाकडी घोड्यांवर बसल्या, आय फॉर इंडियाला गेल्या, तिथं खुर्च्या अधांतरी उचलून मोठ्या पडद्यावर देशभर उडवून आणतात, ते तर त्यांना परत बघायचं होतं. पाणी कुणाला द्यायचं नव्हतं, त्यांची स्वतःची पिशवी पदराआड कमरेला.

आता डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतील, एसटी भरून पोरं जातील, आणि सूचनेच्या कागदावर नेहमीसारखं "पाण्याची बाटली आणणे" एवढंच असेल. ओळखीत कुणी शिक्षक असतील तर त्यांना एवढं सांगा की अर्धा लिटरची, हलकी, गळ्यात घालायची दोरी असलेली आणि मार्करनं नाव घातलेली असं स्पष्ट लिहा. नाहीतर पन्नास बाटल्या घेऊन बाकावर बसायची वेळ एका बाईंवर येते.