हार्डवेअर वॉलेट: रक्कम हलवण्याआधी एकदा पुसून पाहा

ओळखीपैकी कोणी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो नाण्यांची किल्ली सांभाळणारे छोटे यंत्र, घेतले की मी त्यांच्यापाशी एकच आग्रह धरते: त्यात मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी ते यंत्र एकदा मुद्दाम पूर्ण पुसून टाकावे आणि ते सुरू करताना कागदावर लिहून घेतलेल्या शब्दांवरून पुन्हा उभे करावे. बहुतेकांना हे ऐकूनच धडकी भरते. नुकतेच सुरू केलेले, व्यवस्थित चालणारे यंत्र आपल्याच हाताने रिकामे कशासाठी करायचे, असे त्यांना वाटते. पण अशी भीती वाटत असेल, तर आपल्या कागदावर आपला अजून विश्वास बसलेला नाही एवढाच तिचा अर्थ आहे. आणि ज्या कागदाची खात्री नाही त्याच्या भरवशावर बचत ठेवणे मला तरी पटत नाही.

या यंत्रात नाणी नसतात, ही गोष्ट आधी मनात पक्की बसायला हवी. बिटकॉइन असो वा इथर, त्याची नोंद ब्लॉकचेन या सार्वजनिक खातेवहीवर असते. यंत्रात असते ती खासगी किल्ली, जिच्याशिवाय ती नाणी हलवण्याच्या व्यवहारावर सही होऊ शकत नाही. संगणक किंवा फोन सही न झालेला व्यवहार यंत्राकडे पाठवतो, सही यंत्राच्या आत होते आणि बाहेर येते ती फक्त सही. संगणकात व्हायरस असला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही, ते यामुळेच. या सगळ्या किल्ल्या एकाच मोठ्या यादृच्छिक संख्येपासून तयार होतात, आणि ती संख्या माणसाला लिहून ठेवता यावी म्हणून तिचे १२ किंवा २४ शब्दांत रूपांतर केले जाते, ज्याला सीड फ्रेज म्हणतात. बीआयपी-३९ या २०१३ मधील प्रमाणानुसार हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतूनच येतात. प्रत्येक शब्द ११ बिट माहिती वाहतो. २४ शब्दांत २५६ बिट यादृच्छिकतेचे आणि ८ बिट पडताळणीचे असतात, तर १२ शब्दांत हेच आकडे १२८ आणि ४ असे असतात. हे प्रमाण खुले असल्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावर तयार झालेले शब्द, तेच प्रमाण पाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरही चालतात. यंत्र हरवले, मोडले किंवा कंपनीच बंद पडली तरी पैसे जात नाहीत. शब्द गेले आणि नंतर यंत्रही बिघडले, तर मात्र जगातले कोणीही मदत करू शकत नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात सांगते. यंत्र थेट उत्पादकाकडून किंवा त्याने अधिकृत म्हणून जाहीर केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. वापरलेले किंवा न मागता आलेले यंत्र कधीही वापरू नये. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली. सुमारे दहा लाख ईमेल पत्ते, आणि त्यांतील अडीच लाखांहून अधिक ग्राहकांची नावे, घरचे पत्ते व फोन क्रमांक, त्या वर्षाच्या अखेरीस इंटरनेटवर उघडे पडले. पुढच्या वर्षी त्यांपैकी काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रे आली, सोबत 'तुमचे यंत्र सुरक्षिततेसाठी बदलून देत आहोत' अशा आशयाचे पत्र. खोक्यावरचे सील शाबूत आहे यावरून काहीच सिद्ध होत नाही. यंत्र अस्सल आहे का, याची तपासणी उत्पादकाच्या अधिकृत अ‍ॅपमधून करावी, आणि ते अ‍ॅप शोधयंत्रातल्या जाहिरातीवर क्लिक करून नव्हे, तर संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून उतरवावे. खोक्यात आधीच शब्द लिहिलेले कार्ड निघाले, तर ते यंत्र तिथल्या तिथे बाजूला ठेवावे, कारण ते शब्द दुसऱ्या कोणालातरी आधीच ठाऊक आहेत.

नवे यंत्र हाती आल्यावर मी आधी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करते आणि मगच नवे वॉलेट तयार करायला घेते. पिन यंत्राच्या सूचनेप्रमाणे टाकायचा असतो. जन्मतारीख, गाडीचा क्रमांक किंवा फोनचाच पिन नको. लेजरच्या यंत्रांवर तीनदा चुकीचा पिन पडला की यंत्र स्वतःला पुसून टाकते, ट्रेझर या दुसऱ्या कंपनीचे यंत्र त्याहून अधिक चुकांपर्यंत थांबते. शब्द कागदावर सुरक्षित असतील तर यात घाबरण्यासारखे काही नाही.

शब्द यंत्राच्या पडद्यावर एकेक करून दिसतात, आणि या वेळी घाई करू नये. खोलीत दुसरे कोणी नसावे, फोन दुसऱ्या खोलीत असावा आणि कॅमेरा असलेले काहीही समोर उघडे नसावे. अलीकडे माझ्या मामेबहिणीला तिचे यंत्र मांडून देत होते. म्हणजे बटणे तीच दाबत होती, मी पडद्याकडे पाठ करून बसले होते. तिने यंत्र पुसून शब्द पुन्हा टाकायला सुरुवात केली तेव्हा एका जागी ती अडली, कारण तिच्या धावत्या अक्षरात तो शब्द 'वॉक' आहे की 'वॉल' हे तिलाच वाचता येईना. दोन्ही शब्द यादीत आहेत आणि इंग्रजीत त्यांच्यात फरक आहे तो फक्त शेवटच्या अक्षराचा. चौथ्या अक्षरापर्यंत यादीतला कोणताही शब्द दुसऱ्यापासून वेगळा होतोच, पण ते चौथे अक्षर नीट वाचता आले पाहिजे ना! २४ शब्दांत एखादा चुकला, तर पडताळणीचे ८ बिट ती चूक जवळजवळ नेहमीच पकडतात. १२ शब्दांत मात्र पडताळणीचे चारच बिट असल्याने साधारण सोळांतली एक चूक तशीच निसटते. मग यंत्र कसलीही तक्रार न करता एक वेगळेच, रिकामे वॉलेट उघडून दाखवते. म्हणून शब्द सुट्या, मोठ्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत.

तालीम अशी करावी: नव्या वॉलेटचा पैसे स्वीकारण्याचा पहिला पत्ता लिहून ठेवावा, त्यावर अगदी किरकोळ रक्कम पाठवावी, ती पोहोचल्याची खात्री करावी आणि मग यंत्र सेटिंगमधून पूर्ण पुसावे. त्यानंतर कागदावरूनच शब्द यंत्रावर टाकावेत. तोच पत्ता आणि तीच किरकोळ रक्कम परत दिसली, की कागद बरोबर आहे हे सिद्ध झाले. शेवटी ती रक्कम तिथून बाहेरही पाठवून पाहावी, म्हणजे सही करण्याची प्रक्रियाही हाताखालून जाते. या सगळ्याला एखादा तास जातो. काही यंत्रांत न पुसता शब्द तपासण्याची सोयही असते आणि ती नंतरच्या वार्षिक तपासणीसाठी उत्तम आहे, पण पहिल्या वेळी मी पुसण्यावरच ठाम असते. यंत्र बिघडेल त्या दिवशी माणूस घाबरलेला असतो, आणि तेव्हा ही कृती पहिल्यांदाच करावी लागू नये.

शब्दांचा फोटो काढू नये, ते ईमेलच्या ड्राफ्टमध्ये, क्लाउडवर किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवू नयेत, प्रिंटरवर छापू नयेत आणि संगणकाच्या किंवा फोनच्या कीबोर्डवर कधीही टाइप करू नयेत. फोनमधले फोटो आपोआप कुठे कुठे जाऊन बसतात, याचा बहुतेकांना पत्ताच नसतो. कागद आगीला आणि पाण्याला टिकत नाही, म्हणून रक्कम मोठी असेल तर शब्द स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवावेत आणि दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवावी. शब्दांचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी ठेवण्याची युक्ती अनेकांना सुचते. मी ती सुचवत नाही. एक तुकडा हरवला तरी सगळे गेले, आणि १२ शब्दांचे सहा-सहा असे भाग केले तर एक भाग हाती लागलेल्या चोराचे काम फारच सोपे होते. ज्यांना खरोखर वाटणी हवी आहे त्यांच्यासाठी एसएलआयपी-३९ हे शामिर पद्धतीचे प्रमाण आहे, ज्यात, उदाहरणार्थ, पाचपैकी कोणतेही तीन भाग पुरतात आणि दोन भागांतून काहीच कळत नाही. फक्त ती पद्धत आपले यंत्र चालवते का, हे आधी पाहावे.

पासफ्रेजबद्दल उत्साही लोक फार बोलतात. शब्दांच्या जोडीला आपण ठरवलेला आणखी एक मजकूर दिला, की त्यापासून अगदी स्वतंत्र वॉलेट तयार होते. कागद चोरीला गेला तरी ते वॉलेट उघडत नाही. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या एक्सचेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री जिथे होते अशा कंपनीच्या, सुरक्षा संशोधकांनी, ट्रेझरची तेव्हाची यंत्रे सुमारे पंधरा मिनिटे हातात मिळाली तर त्यांतून सीड काढता येते, हे दाखवून दिले होते, आणि त्यावरचा उपायही पासफ्रेज हाच होता. पण चुकीची पासफ्रेज असे काही नसतेच. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी यंत्र निमूटपणे दुसरे रिकामे वॉलेट उघडते, आणि विसरलेली पासफ्रेज कोणी परत देत नाही. नवख्या माणसाने पहिले काही महिने तिच्याशिवाय काढावेत, असे माझे मत आहे.

रोजच्या वापरात विश्वास ठेवायचा तो यंत्राच्या छोट्या पडद्यावर. पैसे स्वीकारताना संगणकावर दिसणारा पत्ता यंत्रावरही मागवावा आणि दोन्ही अक्षरशः जुळवून पाहावेत, कारण कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून टाकणारे व्हायरस सर्रास आढळतात. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानणाऱ्यांसाठी तर चोरांनी वेगळाच सापळा रचला आहे: तुम्ही नेहमी ज्या पत्त्यावर पैसे पाठवता त्याच्याशी सुरुवात आणि शेवट जुळणारा पत्ता ते तयार करतात, त्यावरून नगण्य रकमेचा व्यवहार तुमच्या खात्यात टाकतात, आणि पुढच्या वेळी तुम्ही जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलाल याची वाट पाहतात. पत्ता इतिहासातून कधीच उचलू नये, मधली अक्षरेही वाचावीत, आणि मोठ्या रकमेआधी छोटी रक्कम पाठवून पाहावी.

खरा धोका आहे तो न वाचता केलेल्या सहीत. डिसेंबर २०२३ मध्ये लेजरच्या कनेक्ट किट या सॉफ्टवेअर लायब्ररीत घातक कोड घुसवला गेला आणि ती वापरणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर लोकांनी स्वतःच्याच यंत्रावर चोराच्या व्यवहाराला मंजुरी दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले, तेव्हाही अनेकांच्या सह्या लागणारे वॉलेट होते. सह्या करणाऱ्यांना संगणकाच्या पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही दुसऱ्याच गोष्टीवर झाली. किल्ली कुठेही फुटली नव्हती. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचा, व्यवहार यंत्रावर नुसत्या अगम्य अंकाक्षरांत दिसत असेल, तर मी तो नाकारते. आणि एखाद्या संकेतस्थळाला टोकन खर्च करण्याची परवानगी द्यावीच लागली, तर अमर्याद न देता लागेल तेवढ्याच रकमेची देते. दीर्घकाळाची बचत ज्या यंत्रावर आहे, ते यंत्र असल्या संकेतस्थळांना मी जोडतच नाही. त्यासाठी वेगळे, थोड्या रकमेचे वॉलेट ठेवले आहे.

राहिला प्रश्न वारसांचा. घरच्यांसाठी मी एक पत्र लिहून ठेवले आहे, ज्यात शब्द नाहीत. यंत्र कोणते, शब्द किती, पासफ्रेज आहे की नाही, कोणकोणती नाणी आहेत, कोणते अधिकृत अ‍ॅप लागते आणि शब्दांची प्रत कोणाला विचारून मिळेल, एवढेच त्यात आहे. शिवाय एक ताकीद ठळकपणे लिहिली आहे: कंपनीचा माणूस म्हणून फोन आला, मदतीचा संदेश आला किंवा कोणी ओळखीचा जाणकार पुढे झाला, तरी शब्द त्याला सांगायचे नाहीत, ते फक्त यंत्रावरच टाकायचे. यंत्र, अ‍ॅप किंवा प्रतीची जागा बदलली की त्याच दिवशी नवे पत्र लिहायचे आणि जुने फाडून टाकायचे, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे.