कलाघर, सेलू : उत्तरेच्या भिंतीचं मूळ सापडलं

चित्रं आणि छपाईसाठी आम्ही ज्या जुन्या जागेचं कलाघर करतोय, तिच्या उत्तरेच्या भिंतीचं कोडं सुटलं! छतावरचे पत्रे बदलले, वळचणीला पन्हाळ बसवली, तरी ती भिंत कंबरेपर्यंत ओलीच आणि इमल्शनचे पोपडे सुटताहेत, इथपर्यंत मागच्या वेळी लिहिलं होतं. गळती शोधा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. गळती नव्हतीच.

पोळ्याच्या दिवशी जागेचे मालक तात्या सहज डोकवायला आले. खाली साठलेली पांढरी भुकटी त्यांनी चिमटीत धरली आणि लगेच म्हणाले, "तिथं आमची दावण व्हती की. जिनिंगला कापूस घेऊन येणाऱ्या गाड्यांची बैलं तिथंच बांधायचे. दोन पिढ्यांचं मूत मुरलंय त्या भितीत, रंग कुठं टिकायलाय!"

म्हणजे हा नुसता ओलीचा लोणा (भिंतीवर फुटणारा खार) नाही, सोरा आहे. मूत्रातल्या नत्राचं जिवाणू नायट्रेट करतात, ते भिंतीतल्या चुन्याशी जुळून कॅल्शियम नायट्रेट तयार होतं. या क्षाराला पाण्याची एवढी ओढ असते की हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतलंच पाणी ओढून विरघळतो. मग पाऊस सुरू झाला की वरून एक थेंब न येताही भिंत ओली. हवा कोरडी पडली की त्याच क्षाराचे स्फटिक रंगामागे फुगतात आणि पोपडा उडवतात. ओल कंबरेच्या वर का जात नाही आणि दक्षिणेची भिंत कोरडी ठणठणीत का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात मिळाली.

तरी खात्री हवी होती. परभणीत मत्स्यालयाचं सामान मिळतं, तिथून नायट्रेट तपासायच्या पट्ट्या आणल्या. ज्यांच्या जुन्या वाड्यात किंवा गोठ्यात असा त्रास आहे त्यांनी या घ्याच. स्वस्त आहेत आणि दोन मिनिटांत निकाल मिळतो. भिंतीचा खरवडा जारच्या पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरच्या पाण्यात पट्टी बुडवायची. उत्तरेच्या खरवड्याने पट्टी गडद गुलाबी झाली, दक्षिणेच्या खरवड्याने जेमतेम फिकट. बोअरचं पाणी मात्र यासाठी वापरू नका, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असू शकतं.

मग छिन्नी-हातोडा. खालच्या भागावर पूर्वी कुणीतरी सिमेंटचा जाड गिलावा चढवला होता. दगड-मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती वर चढते. तो सगळा काढला. आत काळ्या दगडांच्या मधल्या दरजा इतक्या ठिसूळ की बोटाने माती ओघळत होती. गुडघ्याच्या उंचीला एक लोखंडी कडी निघाली, दगडात शिसं ओतून पक्की बसवलेली. दाव्याच्या घर्षणाने तिची एक बाजू घासून निम्मी झाली आहे. ती कडी जागेवरच राहणार, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आता खरी मेहनत सुरू आहे ती क्षार ओढून काढायची. छपाईच्या कागदाची कात्रणं आमच्याकडे पोत्याने आहेत. ती भिजवून, कुटून लगदा केला आणि दरजा खरवडून बोटभर जाडीचा थर भिंतीवर थापला. लगदा सुकताना भिंतीतलं पाणी आपल्याकडे ओढतो, पाण्याबरोबर क्षार येतो, वाळला की पापुद्र्यासकट सोलून काढायचा. सोललेला लगदा भिंतीजवळ पडू द्यायचा नाही, नाहीतर सगळा क्षार परत जमिनीत. पहिल्या सोलकाढणीनंतर पट्टी तशीच गडद आली आणि सगळे हिरमुसले. पण काल मधल्या पट्ट्यात रंग स्पष्ट उतरलेला दिसला. कोपऱ्यात, जिथे मुतारीची नाली असावी, तिथे काही फरक नाही. तिथला क्षार संपणार नाही असं मला आता वाटू लागलंय.

वॉटरप्रूफिंगचा एक विक्रेता दोनदा येऊन गेला. "कोटिंग मारा, दहा वर्षं बघायचं काम नाही." ज्या भिंतीला श्वास हवा तिच्या तोंडावर प्लास्टिक बांधायचं काम मी तरी करू देणार नाही. चुन्याबद्दलही माझं मत पक्कं झालंय. पोत्यात मिळणारी पावडर किती दिवस हवेला लागलीय कळत नाही, आणि हवा लागलेल्या चुन्यात धरायची ताकद उरत नाही. कळीचा चुना आणा, हौदात विझवा, पाण्याखाली मुरू द्या.

आणि इथेच बेत बदलला. आमच्या भित्तिचित्रवाल्या मंडळींना याच भिंतीवर ओल्या चुन्यात रंग भरायचे होते. पण उरलेला नायट्रेट नव्या चुन्यातही कॅल्शियम नायट्रेट होऊनच वर येणार. म्हणून कायमचं चित्र आता दक्षिणेच्या भिंतीवर जाईल. उत्तरेला द्यायचा मातीचा गिलावा, क्षार पिऊन स्वतः झिजणारा आणि दरवर्षी काढून नव्याने लावता येणारा. अजिंठ्याची चित्रंसुद्धा मातीच्या गिलाव्यावरच आहेत: भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेली माती, तिच्यावर चुन्याचा पातळ हात, आणि कोरड्या पृष्ठभागावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, त्यावरचा शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्याकडे त्या जागी अंबाडी आहे! भाजीला पानं नेली की उरलेल्या झाडाचा वाख (सालीचे धागे) बारीक कापून मातीत घालायचा.

माती कुठली, हा पुढचा पेच. काळी माती बाद, ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. सगळ्यांच्या तोंडी गढीची पांढरी माती होती, माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पिढ्यान्‌पिढ्या तीच पडत आली. तिचीही पट्टी तपासली तर भिंतीइतकीच गडद! साहजिक आहे, शेकडो वर्षं माणसं आणि जनावरं राहिलेल्या जागेची ती माती. आता दुधना नदीच्या काठचा पोयटा (गाळाची माती) आणलाय, त्याची पट्टी जवळजवळ पांढरीच राहिली.

हे लिहिता लिहिता रांगोळीवाल्या ताईंचा फोन आला. त्या म्हणतात, भिंत दरवर्षी नवीन होणारच असेल तर दर पोळ्याला गावातल्या मुलांकडून लिंपून घेऊ, गेरू आणि चुन्याने तीच रंगवू, वर्षभर झिजू देऊ. मला हे फार आवडलंय. उत्तरेच्या भिंतीसमोर टांगायच्या चौकटींचा आधी ठरलेला बेत त्यामुळे रद्द. त्यांचं सागवान छपाईच्या टेबलाला जाईल.

बाकी थोडक्यात. प्रेसचा रोलर लेथवर घासून आला आणि दाब दोन्ही टोकांना सारखा पडतोय. पहिल्या छापात जवारीच्या कणसाचा दाणा न्‌ दाणा उठला, प्रेसवाल्या दादांनी तो कागद दिवसभर खाली ठेवला नाही. छतातल्या दुधाळ पत्र्यांमुळे दुपारीही सावली न पडणारा एकसारखा उजेड मिळतो, चित्र काढणाऱ्यांनी ते कोपरे आधीच धरून ठेवलेत.

रविवारी दक्षिणेच्या भिंतीजवळ फळ्यांवर गिलाव्याचे नमुने थापायचे आहेत: वाख बोटाएवढा, टीचभर, आणि अजिबात न घालता. चुन्याच्या हातात बेलफळाचं पाणी कुणी वापरलं असेल तर प्रमाण कळवा. अंबाडीची वाळलेली झाडं कुणाच्या बांधावर पडून असतील तर पेटवू नका, आम्ही टेम्पो घेऊन येतो.