गिलाव्यामागची भिंत

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चर्चला लागून असलेला हॉल पाडायचा होता. इमारत धोकादायक असल्याचा दाखला द्यायला मला बोलावलं होतं. कमिटीचं म्हणणं, हॉल चर्चनंतर जोडलेला आहे, त्यात जपण्यासारखं काही नाही.

आधी छपरावर चढले. मंगळुरी कौलं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो 1865 मध्ये, म्हणजे हे छप्पर त्याआधीचं नाही. पण कौलांवरून भिंतीचं वय ठरवू नये; छपरं बदलतात, भिंती राहतात. दोन कैच्यांची, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी तिकोनी सांगाड्यांची, टोकं भिंतीत शिरतात तिथे वाळवीने खाल्ली होती. टोचणी बोटभर आत गेली. बाकीचं सागवान मात्र खणखणीत होतं.

मग चर्चची आणि हॉलची भिंत मिळते त्या कोपऱ्यात मी गवंड्याला हातभर गिलावा काढायला सांगितला. दोन्ही भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, सरळ उभा सांधा होता. सांध्यात बॅटरी मारली तर हॉलचा चुन्याचा गिलावा चर्चच्या दगडांमागे तसाच पुढे गेलेला! उभ्या असलेल्या भिंतीच्या मागे हात घालून कोणी गिलावा करत नाही. म्हणजे हॉल आधी होता. चर्च त्याला येऊन टेकलं. मी गवंड्याला पुन्हा खरवडायला लावलं, दुसऱ्या टोकालाही. तिथेही तेच.

आतल्या भिंतीवर रंगाच्या थरांखाली काळा चौकोन निघाला, तेव्हा दारात बसलेल्या एक आजी उठून आल्या. "बाई, तो फळा हाय. माझी सासू हितंच बाराखडी शिकली. आमचं पहिलं चर्च बी हेच."

मला एकदम उलगडलं. अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं मांडलं 1831 मध्ये. पुढे 1839 मध्ये मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार नगरला आल्या आणि मुलींच्या शाळांतच त्यांचं आयुष्य गेलं. या मिशनच्या कामात शाळा आणि उपासना जोडीने चालत. कितीतरी खेड्यांत एकच खोली: आठवडाभर पाटी, रविवारी प्रार्थना. मंडळी वाढली की वेगळं चर्च. पुढे कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांत आणि कीर्तनात आणली. ती जमिनीवर बसून, टाळ घेऊन ऐकायची गोष्ट. तिला बाकांच्या चर्चपेक्षा अशी मोकळी खोलीच मानवणारी. आजींनाही इथली कीर्तनं आठवत होती. बारशी, लग्नाच्या पंगती, मयतानंतरची प्रार्थना, सगळं याच छपराखाली झालेलं.

धोकादायक असल्याचा दाखला मी दिला नाही. दोन कैच्यांची टोकं बदला, भिंतीतल्या ओलीचा बंदोबस्त करा, सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करा, असं लिहिलं. अहवालाची पहिली ओळ होती, 'हा हॉल चर्चच्या आधीचा आहे.' पाळकांनी ती दोनदा वाचली आणि रविवारी मंडळीपुढे वाचून दाखवतो म्हणाले.

निघताना गवंड्याने कोपरा बुजवायला घमेलं आणलं. तेवढा हातभर भाग उघडाच ठेवा, असं त्याला सांगून मी एसटी गाठली.