चिकू गेला, आणि कशाने ते कळलंच नाही

परवा सकाळी आमचा चिकू, म्हणजे फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी), त्याच्या झोळीत गार पडलेला मिळाला. आदल्या रात्री अंड्याचा बलक चाटूनपुसून खाल्ला होता, माझा मोजा पळवून सोफ्याखाली नेला होता, आजारी बिजारी काही नाही. मालवणात अर्धी आळी त्याला मुंगूसच समजायची, शेजारच्या काकी आल्या त्या 'मुंगसाक काय झाला गो?' विचारतच आणि माझ्याआधी त्याच रडल्या.

सगळ्यांचा पहिला अंदाज उकाडा. फेरेटला उष्णता झेपत नाही हे खरंय, पारा तिशीच्या वर गेला की हीटस्ट्रोकची भीती, पण म्हणून तर त्याच्या खोलीत एसी असायचा आणि त्या रात्री लाईटही गेली नव्हती. मग काय? हृदयाचा आजार, लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर), स्वादुपिंडातल्या गाठीमुळे साखर एकदम उतरणं, या प्राण्यांना हे सगळं होतं आणि वर दुखणं लपवायची सवय. खात्री करायची तर पोस्टमॉर्टेम, तेही दरवेळी सांगेलच असं नाही, आणि त्यासाठी बॉडी फ्रीजरमध्ये नाही, साध्या फ्रीजमध्ये ठेवून लवकर न्यावी लागते. आई म्हणाली, फाडू नको त्याला. मला पटलं नव्हतं, पण भांडायचं त्राण नव्हतं. माडाखाली पुरला.

'कुत्रा असता तर ठीक, एवढ्याशासाठी काय रडायचं' म्हणणाऱ्यांना मी उत्तरच देत नाही. आणि दुसरा आणा म्हणणाऱ्यांनो, प्लीज, निदान गणपतीपर्यंत तरी हा विषय काढू नका.