रेतीचा राजा तिरका चालतो

दादरला लोकलमध्ये बसायला मिळालं की मी मोबाईलवर बुद्धिबळाची एखादी एंडगेम स्टडी, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याचं रचलेलं कोडं, उघडतो, आणि बुद्धिबळपटू रिचर्ड रेतीची १९२१ ची ती तर कितीही वेळा बघू शकतो. पटावर फक्त दोन राजे नि दोन प्यादी. आपला पांढरा राजा पार एच८ च्या कोपऱ्यात, काळ्याचं एच५ चं प्यादं सुसाट सुटलेलं, आपलं सी६ चं प्यादं काळा राजा खाणारच, म्हणजे हरलोच ना? पण राजा तिरका निघतो, जी७, एफ६, ई५ या घरांतून, काळ्याच्या प्याद्याचा पाठलागही करतो आणि आपल्या प्याद्याच्या मदतीलाही जातो, कारण पटावर तिरकं जायला सरळ जाण्याइतक्याच चाली लागतात!! ड्रॉ. काय सुंदर रचलंय यार. यानंतर सावेद्राची पोझिशन बघा, अशीच एक एंडगेम, तिथे पांढऱ्याचं प्यादं शेवटच्या घरात जाऊन वजीर नाही, हत्ती होतं, कारण वजीर केला की काळा स्वतःचा हत्ती देऊन स्टेलमेट करतो, म्हणजे राजाला शह नाही पण चालच उरत नाही, ड्रॉ.