मूळ दस्त हरवलेली फाइल आणि साहेबांचा प्रश्न

मी नागपुरात एका वकीलसाहेबांकडे सर्चचं काम करतो. म्हणजे बँकेकडून होम लोनची फाइल आली की सब-रजिस्ट्रार ऑफिसात जायचं, त्या प्लॉटचे मागच्या 30 वर्षांचे व्यवहार काढायचे, कुणी कुणाला विकला, कुठे गहाण आहे का, आखीव पत्रिकेवर नाव कोणाचं, आणि दस्त एकामागोमाग जुळतात का ते बघायचं. मी ख्रिस्ती आहे, पाळक वगैरे नाही, सदर भागातल्या चर्चला रविवारी जाणारा साधा माणूस. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे त्यामुळे प्रश्न येतातच, आणि बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात सांगितलंय की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने द्या. मी ते वचन पूर्ण धरून चालतो, अर्धं नाही.

त्या दिवशी मानेवाड्याकडच्या एका प्लॉटची फाइल होती. मधल्या एका विक्रीपत्राचा मूळ दस्तच हरवलेला, पार्टीनं पोलिसात तक्रार दिली होती, पेपरात नोटीसही दिली होती. मी रजिस्ट्री ऑफिसातून सर्टिफाइड कॉपी काढली आणि त्यानंतरची दोन्ही विक्रीपत्रं वाचली तर दोन्हींत त्या हरवलेल्या दस्ताचा नंबर-तारखेसकट उल्लेख. साहेबांनी सगळं नीट वाचलं आणि म्हणाले, "चालते, टायटल क्लिअर लिही," म्हणजे मालकी हक्कात अडचण नाही. चहा आला. आणि एकदम म्हणतात, "बरं, आता तुझ्या बायबलचं सांग. त्याचा मूळ दस्त कुठं आहे? पौलाच्या हातचा कागद आहे का कोणाजवळ?"

पौल म्हणजे बायबलमधली बरीच पत्रं लिहिणारा येशूचा प्रेषित. मी म्हटलं नाही साहेब, नाही आहे. एकाही पुस्तकाची मूळ प्रत आज नाही.

त्यांना वाटलं मी इकडचंतिकडचं सांगीन. पण मी म्हटलं, तुम्ही आत्ताच मूळ दस्त नसताना टायटल पास केलं ना, कशावरून केलं? नकलेवरून आणि पुढच्या दस्तातल्या उल्लेखावरून. मग तसंच बघा. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागाची, ग्रीक हस्तलिखितं 5,000 हून जास्त आहेत, कुठली अख्खी, कुठली नुसता तुकडा, वेगवेगळ्या देशांत सापडलेली, त्यामुळे एकात कुणी काही घुसडलं तर दुसरीत ते दिसत नाही आणि पकडलं जातं. मँचेस्टरच्या लायब्ररीत योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या चरित्राच्या, 18 व्या अध्यायाचा तळहाताएवढाही नाही असा तुकडा आहे, तो बहुतेक जण दुसऱ्या शतकातला मानतात. आणि उल्लेख म्हणाल तर रोमच्या मंडळीतल्या क्लेमेंट नावाच्या पुढाऱ्याचं ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पत्र गेलं, साधारण इ.स. 96 चं धरतात, त्यात तो सरळ म्हणतो की पौलानं तुम्हाला लिहिलेलं पत्र काढून वाचा. म्हणजे पुढच्या दस्तात मागच्या दस्ताचा उल्लेख!

साहेब म्हणाले, "आणि घुसडलेलं काही सापडलं?"

सापडलंय. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या 12 ओव्या सर्वात जुन्या दोन मोठ्या प्रतींत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, जी मला स्वतःला फार प्रिय आहे, ती योहानाच्या जुन्या प्रतींत नाही. हे मीच सांगितलं. पहिल्या शतकातल्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराचा येशूबद्दलचा जो उतारा आपले लोक व्हॉट्सअपवर फिरवतात तो मी काढलाच नाही, कारण त्यात नंतर ख्रिस्ती नक्कलकारांनी भर घातली असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि खाडाखोड असलेला कागद साहेबांपुढे ठेवायचा नाही हे मी याच ऑफिसात शिकलो. त्याच जोसेफसनं येशूचा भाऊ याकोब याला दगडमार करून मारल्याचं लिहिलंय, इ.स. 62 च्या सुमाराचं, ते चालतं, ते मी सांगितलं. जो भाऊ आधी विश्वास ठेवत नव्हता तोच.

मग साहेबांनी खरा वकिली मुद्दा काढला. "रजिस्ट्रारनं दस्त नोंदवला म्हणजे आतला मजकूर खरा ठरत नाही. नक्कल बरोबर आहे मान्य, पण मेलेला माणूस उठला हे नक्कल कसं सिद्ध करीन?"

बरोबर आहे, नाही करत. मी तसंच म्हटलं. मग साक्षीदारांवर आलो. करिंथकरांस पहिलं पत्र इ.स. 55 च्या आसपासचं, म्हणजे येशूच्या मरणाला जेमतेम 25 वर्षं, त्यात पौल म्हणतो पाचशेहून जास्त जणांना उठलेला येशू दिसला आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत. आणि रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती बायांनी, चारही शुभवर्तमानांत बायाच आहेत, त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला वजन नव्हतं. मी साहेबांना विचारलं, खोटी केस उभी करणारा पक्षकार असे साक्षीदार आणीन का? ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले, मग म्हणाले, "नाही आणणार. पण साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकू शकतो."

हो, शकतो. इथपर्यंत कागद येतो साहेब, इथून पुढे मी विश्वास ठेवतो, आणि कागद कुठे संपला ते मी लपवत नाही.

आमच्या ज्युनिअर वकील मॅडम इतका वेळ शांत होत्या. त्या बौद्ध आहेत, दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर सेवेला असतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, कागद राहू द्या. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी याच शहरात बुद्धाचा धम्म घेतला, तुमचा धर्म का नाही घेतला? तुमच्या चर्चमध्ये जातपात नाही का?"

याला हस्तलिखितं उत्तर देत नाहीत. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की ख्रिस्ती झालेल्यांची जात सुटली नाही आणि मिशनऱ्यांनी ती सोडवायला पुरेसं केलं नाही. मी म्हटलं मॅडम ते खरं आहे, आमच्याकडे आजही लग्न जुळवताना जात विचारतात, मी ऐकलंय. यात बचाव करण्यासारखं काही नाही, पौलानं गलतीकरांना लिहिलंय की ख्रिस्तात यहुदी-हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही, दास-स्वतंत्र नाही, तेव्हा आमच्याच ग्रंथानं आम्ही दोषी ठरतो. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही तिथं का आहात?" मी म्हटलं, कारण क्रुसावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असं ओरडणाऱ्या येशूच्या जवळ मला माझं दुःख घेऊन बसता येतं, दुसरीकडे कुठे बसता आलं नाही. त्यांनी मान हलवली, पटलं असं नाही म्हणाल्या, आणि मीही पुढे ताणलं नाही.

संध्याकाळी निघताना साहेबांनी नवा करार मागितला. मी त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचं पहिलं पान काढून दिलं, त्याच्या पहिल्या चार ओव्या मला सर्च रिपोर्टच्या सुरुवातीसारख्याच वाटतात, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितलेलं मी मुळापासून शोधून क्रमाने लिहितो असं तो म्हणतो. साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे यानं स्वतः पाहिलं नाही. हिअरसे आहे, ऐकीव." मी म्हटलं हो, आणि ते त्यानं पहिल्याच वाक्यात कबूल केलंय. ते म्हणाले, "ठेव इथं, पूर्ण वाचतो, मग उलटतपासणी घेतो तुझी."